मावशींची घासाघीस

मावशी आधी मान फिरवायच्या, भलतीकडेच बघितल्यासारखं करायच्या आणि मग म्हणायच्या, "तुझं न्हाय, माझं न्हाय, अडीच लाव." तुम्ही कोळणीकडून मासळी घेतली असेल तर ही मान तुम्हाला ठाऊक असणार. पण मी पापलेट घ्यायला गेले नव्हते. मी कॅन्सरच्या पेशंटकडे घरी जाणारी नर्स, आणि माझ्या प्रश्नावलीत अडीच हा आकडाच नव्हता.

मुरुडच्या कोळीवाड्यात त्यांचं घर. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. पोटाच्या कॅन्सरनं अंग इतकं झडलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. अशा माणसाचे दिवस कसे जातात हे नुसत्या वजनकाट्यावर कळत नाही, म्हणून आम्ही विचारतो. भूक लागते का, जेवण गोड लागतं का, जगण्यात मजा वाटते का. शून्य म्हणजे मुळीच नाही, चार म्हणजे भरपूर.

पहिल्या खेपेला मावशींनी सगळ्याला चार सांगितले आणि मी मुकाट्यानं लिहिले. डॉक्टर म्हणाले, "ही बाई आपल्यापेक्षा सुखात आहे की." दुसऱ्याच दिवशी मी परत गेले.

"मावशी, भूक खरंच चार?"

"अगं, चार हा सांगायचा भाव. तू पाडलाच न्हायस. मी आपणहून कशी उतरू?"

आता हे नर्सिंगच्या कॉलेजात कोण शिकवतं, सांगा. मी मांडी ठोकून बसले. बरीच हुज्जत घालून भूक एकावर आणली. जेवणाची गोडी शून्यावर आली, तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "ताट दिसलं का पोटात कालवतं गं. सुनेला सांगू नको."

सून दारातच उभी होती, हातात ताट घेऊन. घरातलं भांडण एवढंच होतं. ती दिवसभर ताट पुढे करायची आणि मावशी तोंड फिरवायच्या.

"वजन उतरलं तर वाडा मलाच बोलंल," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हातारीला उपाशी ठेवली म्हनून."

मी तिला समजावलं, हा आजारच अंग खातो, घास कोंबून ते भरत नाही. त्या मागतील तेव्हा, मागतील तेवढंच दे. तुझ्या करण्यात काही खोट नाही.

"मंग हे शेजारी येऊन सांगा," ती म्हणाली. मी शेजारी जाऊन सांगितलंही.

पुढच्या खेपेला वजन आणखी उतरलं होतं. मळमळ मात्र औषधानं कमी झाली होती. मी विचारलं, "जगण्यात मजा?"

"चार."

"एक," मी सवयीनं म्हणाले.

या वेळी मान फिरली नाही. "ह्यात पाडायचं न्हाय. काल सून ताट न घेता येऊन बसली. उरल्यात तेवढ्या केसांची वेणी घातली माझी. दुपारभर बोलत होतो आमी."

मी चार लिहिले. मला इतकं बरं वाटलं की परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते.

मावशी त्यानंतर लवकरच गेल्या. बाजारात त्यांच्या जागेवर आता सून बसते. परवा माझ्या पिशवीत बोंबील घालता घालता तिनं खाली मान घालून विचारलं, "सिस्टर, शेवटी मी जबरदस्ती केली न्हाय, ते बरं केलं ना?"

"बरं केलंस," मी म्हणाले.

मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती. तिनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं.