चुलीत टाकलेला फोटो

आज शेजारी कुणीतरी रद्दी पेटवली आणि जळक्या कागदाच्या वासानं मला जामखेडचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी नऊ वर्षांची होते. आफ्रिकेतल्या तुर्काना लोकांमधल्या मिशनकार्यासाठी प्रार्थना करा, म्हणून चर्चमध्ये आईला तिथल्या एका मुलीचा फोटो दिला होता. आई रोज सकाळी तो हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करायची. माझ्यासाठी ती कधी रडलेली मी पाहिली नव्हती. एकदा मी तो फोटो सरळ चुलीत टाकला.

“तिच्यासाठी लई रडतीस, माझ्यासाठी न्हाई!” मी ओरडले.

आईनं हात उगारला नाही. “तुला मी हाय. तिला आई न्हाई गं,” एवढंच म्हणाली. तरी माझा जळफळाट काही गेला नाही.

गेल्या वर्षी आई वारली. आता वाटतं, कुठल्या तरी दूरच्या गावात एखादी अनोळखी बाई माझ्यासाठी प्रार्थना करत असेल का?