थांबलेली बढती

सरकारने कारकुनांच्या पगारात कपात केली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. वार्षिक बढती, म्हणजे पगारातली ठरलेली वाढ, तेवढी चालू होती. काम समाधानकारक असल्याचा शेरा साहेबांनी दिला की ती मिळायची. नाशिकच्या कचेरीत आम्ही सगळे त्या शेऱ्यावर डोळे लावून बसायचो.

माझ्या शेजारच्या टेबलावर मालेगावच्या विणकर घरातला एक मुसलमान कारकून होता. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलेले. हिवाळ्यात एका दुपारी मुलीला ताप भरल्याचा निरोप आला, म्हणून मी लवकर निघालो. सटाण्याला जायचे कागद मी पाकिटात घातले होते. जावक बुकात सही तेवढी राहिली होती.

"जा तुम्ही, मी करतो," तो म्हणाला.

पण घाईत त्या पाकिटात मी इगतपुरीचे कागद घातले होते. सटाण्याहून ते परत आले ते थेट साहेबांच्या टेबलावर.

शिरस्तेदारांनी, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांनी, आम्हा दोघांना बोलावलं. बुक उघडून सहीवर बोट ठेवलं.

"ही तुमची ना?"

"हो, भाऊसाहेब."

"म्हणजे कागदही तुम्हीच घातलेत."

तो थोडा थांबला. मी बोलेन म्हणून थांबला, हे मला कळत होतं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिलो.

"सही माझी आहे," तो म्हणाला.

त्याची बढती थांबली, माझी मंजूर झाली. दोन्ही हुकमांच्या नकला मीच केल्या, कारण अक्षर माझं बरं होतं. घरी बायकोने देवापुढे साखर ठेवली, ती मी खाल्ली.

त्याने इगतपुरीला बदली मागून घेतली. जायच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "मुलगी बरी आहे ना आता?" मी हो म्हटलं. शिरस्तेदार पलीकडच्याच खोलीत बसले होते. मी उठलो नाही.

दोन वर्षांनी कामासाठी इगतपुरीला गेलो, तेव्हा तिथल्या कचेरीत तो भेटला. त्याने खुर्ची पुढे केली.

"ते कागद मी घातले होते," मी म्हणालो.

"माहीत होतं. आठवडाभर वाटत होतं, तुम्ही जाऊन सांगाल. मग सोडून दिलं."

बोलण्यात राग नव्हता. मलाही काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढंच कळत होतं. बाहेर पाऊस ओतत होता आणि परतीच्या गाडीला अवकाश होता. तो पुन्हा लिहू लागला. मी तिथेच बसून राहिलो.