ब्रेकवरचा पाय

महामार्ग लागताच सुनंदाने एक बटण दाबले आणि पेडलवरून पाय काढून घेतला. मी शेजारी बसलो होतो; माझा उजवा पाय आपोआप गाडीच्या तळावर दाबला गेला.

"अण्णा, तुमच्या बाजूला ब्रेक नाही," ती हसून म्हणाली.

आयुष्यभर मी गाडी स्वतः चालवली. आता दृष्टी साथ देत नाही, म्हणून घर बंद करून मी कायमचा सुनंदाकडे, माझ्या मुलीकडे, निघालो होतो. यापुढे आपल्या हाती काही उरणार नाही, ही धास्ती मी तिला सांगितली नव्हती.

चढ आला, तरी वेगाचा काटा हलला नाही. तिने समजावले, की त्या बटणाने सुरू झालेले यंत्र चाकांचा वेग सतत मोजते आणि आपण ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहते. तो कमी पडला तर इंजिनाला जोर देते, वाढला तर जोर आवरते.

"आणि मला ते नको असेल तर?"

"ब्रेकला नुसता पाय लावायचा. त्याच क्षणी ते बाजूला होते."

सांभाळणे म्हणजे ताबा घेणे, असेच मी धरून चाललो होतो. ठरवणारा एक आणि पेलणारा दुसरा, अशीही सोबत असते, हे मला एका यंत्राकडून कळावे!

"तुझ्याकडे सकाळचा चहा मीच करणार," मी म्हणालो.

"पहाटे? भांडी आपटत?"

"हो."

"करा. मला मात्र उठवू नका."

पुढे उतार लागला. माझा पाय जागचा हलला नाही.