डबल इन्स्पेक्शन

आमच्या कंपनीत गिऱ्हाइकाची तक्रार आली की पहिला उपाय ठरलेला. एकीने तपासलेला माल दुसरीने पुन्हा तपासायचा. पहिली बाई पार्टवर हिरवा ठिपका देते, दुसरी निळा. दोन्ही ठिपके असल्याशिवाय पेटी बंद होत नाही. चाकणच्या त्या टेबलाशी मी अकरा वर्षं उभी आहे आणि निळा ठिपका माझा असतो. कंपनीतली ही सवय मी घरी घेऊन आले, आणि काय करून बसले ते आता सांगते.

गेल्या वर्षी नवऱ्याचा उजवा हात त्यांच्या वर्कशॉपमधल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली. तिथला मालक माणूस वाईट नव्हता. जखम भरल्यावर त्याने ह्यांना बोलावून सांगितलं की स्टोअरमध्ये टेबलाची जागा रिकामी होतेय, आलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचं काम आहे. दोन महिन्यांनी परीक्षा घेईन, डाव्या हाताने अर्ध्या तासात चाळीस ओळी भरून दाखव, जागा तुझी. नाही जमलं तर गेटवर वॉचमन म्हणून बस. ह्यांनी त्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं प्रेस चालवली होती. गेटवर बसून दिवसभर आपल्याच मशीनचा आवाज ऐकायचा, ह्या नुसत्या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं.

आमच्या ऑफिसात तेव्हाच नवे कॉम्प्युटर आले होते. जुन्यातला एक मी साहेबांच्या मागे लागून मिळवला. कॉम्प्युटरचा डबा स्कूटीवर पायाशी, मॉनिटर मागे बसलेल्या ह्यांच्या मांडीवर, असा तो मोशीला घरी आणला. पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या एका मित्राने सरावासाठी पेन ड्राइव्ह दिला आणि त्यातून व्हायरस आला. सगळं गेलं. माझं डोकं असं फिरलं की त्या मित्राला मी फोनवर नाही नाही ते बोलले. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कॉम्प्युटर साफ करून अँटीव्हायरस टाकून दिला.

पण माझं समाधान होईना. एकाने तपासलेल्यावर मी कधी विश्वास ठेवला आहे? घरी येऊन मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत फुकट मिळणारा दुसरा अँटीव्हायरस त्यावर चढवला. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात दोन चित्रं शेजारी शेजारी बसली. एक हिरवं, एक निळं, खोटं सांगत नाही. ते बघून मला किती बरं वाटलं होतं.

त्यानंतर ह्यांचा सराव सुरू झाला. डाव्या हाताने माऊस धरायचा, बाण चौकटीवर न्यायचा, दाबायचं. बाण जागचा हलायचा नाही. मग ह्यांना वाटायचं नीट दाबलं गेलं नाही, म्हणून पुन्हा दाबायचे. थोड्या वेळाने सगळी दाबादाबी एकदम उठायची आणि एकाच्या जागी चार खिडक्या उघडायच्या. हात थरथरतोय, दोनदा दाबला जातोय, असं ते म्हणायचे. मीही तेच म्हणायचे. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर चालवला नव्हता, आणि माझं आयुष्य मापाच्या गेजने माल तपासण्यात गेलेलं. कॉम्प्युटर किती वेगात चालायला हवा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग एकदा दाबून हात गुडघ्यावर ठेवायचा आणि वाट बघायची, असं त्यांनी स्वतःला शिकवलं. मी पहिली शिफ्ट करून चारला घरी यायचे तेव्हा ते तसेच बसलेले असायचे.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मी मोबाइलवर वेळ लावून समोर बसले. चाळीस ओळींना पंचावन्न मिनिटं लागली. माझा दिवस उभ्याने गेलेला, पाय भरून आलेले, त्यात भीती. मी बोलून गेले.

"हातच चालत नाही तुमचा. दोन महिने नुसते बसून काढलेत."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मालकाला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगून टाकलं की परीक्षेला येत नाही, गेटवर बसतो. मी अडवलं नाही. पंचावन्न मिनिटं मीच मोजली होती ना!

पुढे दीड महिन्याने आमच्या इन्स्पेक्शनच्या खोलीतला कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीला आलेल्या माणसाला मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं की ह्यावर दोन अँटीव्हायरस टाका, घरी मी तसंच केलंय. तो हसायला लागला. म्हणाला, मॅडम, दोघं एकाच वेळी प्रत्येक फाइल उघडून बघतात, वर एकमेकांवर संशय घेतात. जुन्या मशीनवर एकच जड होतो, दोन टाकल्यावर तिथे बाणसुद्धा हलायचा नाही. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी तशीच बाथरूममध्ये गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, माझी सुट्टी. ह्यांची गेटवरची ड्यूटी तीनची होती. दुकानदाराला घरी बोलावून मी दुसरा अँटीव्हायरस काढायला लावला. तो गेल्यावर ह्यांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुमच्या हाताचा दोष नव्हता, मीच कॉम्प्युटरचा गळा आवळून ठेवला होता आणि वर तुम्हाला बोलले. काहीतरी बोला, शिव्या द्या, असंही मी म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. खुर्ची ओढली आणि सरावाचा कागद मागितला.

पहिल्या चौकटीवर दाबलं आणि सवयीने हात गुडघ्यावर ठेवून ते वाट बघत बसले. चौकट केव्हाच उघडली होती.

"उघडलंय अहो," मी म्हणाले.

त्यांनी आकडा भरला, पुढचं दाबलं, हात पुन्हा गुडघ्यावर. आठ-दहा ओळींपर्यंत असंच चाललं. मग हात गुडघ्यावर जायचा थांबला. मी वेळ लावली नव्हती, माझी छातीच झाली नाही. शेवटची ओळ भरून त्यांनी स्वतःच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बावीस मिन्टं," ते म्हणाले.

स्टोअरच्या टेबलावर महिन्याभरापूर्वीच दुसरा माणूस बसला होता, तो चांगलं काम करत होता. मालकाकडे जाऊन बघू या का, मी विचारलं. त्यांनी नको अशी मान हलवली आणि खिळ्यावरचा वॉचमनचा शर्ट काढला. त्याची काजं घट्ट आहेत, एका हाताने बटणं लागत नाहीत, ती रोज मीच लावते. त्या दिवशी मला गळ्याजवळचं बटण लागेना. काजात जायचं आणि निसटायचं. तीन वाजत आले होते, त्यांना उशीर होत होता, आणि माझ्या धडधाकट हाताच्या पाच बोटांना एक बटण जमत नव्हतं.

ते मान वर करून उभे राहिले.

"सावकाश लाव," म्हणाले, "घाई न्हाई."