ओल नेमकी कुठून येते?

तुमच्या घरातलं पाणी कुठल्या पाइपातून येतं, हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येईल का? मला नाही येत! संगमनेरला आम्ही भाड्याने द्यायला एक जुनं घर घेतलं, दुरुस्ती काढली आणि ती होईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकला. तेव्हापासून आमच्याकडे किस्से असे साठलेत, जसे डब्यात उरलेले पाइपांचे एल्बो आणि टी. एक शोधायला जावं, तर चार हाताला लागतात.

भाडेकरू मात्र आधीच मिळाले होते. दवाखान्यातल्या एक सिस्टर आणि त्यांची म्हातारी आई. आईला दमा. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, घर आवडलं. पण बेडरूमच्या भिंतीची ओल गेली तरच येऊ. आईला सोसत नाही."

मला ही माणसं मनापासून हवी होती. म्हणून आम्ही बापू प्लंबरला बोलावलं.

*

बापूने आल्या आल्या मेन कॉक बंद केला. आमचा नळ मात्र चालूच! तेवढ्यात शेजारच्या लीलाकाकू हातात साबणाचं पातेलं घेऊन दारात. "अगं, आमचं पाणी का तोडलं?"

मग उलगडा झाला. पूर्वी ही दोन्ही घरं मिळून एकच घर होतं. भावाभावांत वाटणी झाली, मधे भिंत घातली, पण पाइपांची वाटणी राहूनच गेली.

"मग आमचा कॉक कुठंय?" आमच्या यांनी विचारलं.

बापू डोकं खाजवत म्हणाला, "काकूंच्या मोरीत असंल, साहेब."

तिथेच होता!

*

बेलचंही तेच. आमच्या दाराची बेल दाबली की वाजायची काकूंच्या स्वयंपाकघरात. वायरमन येईपर्यंत आठवडा गेला. तोवर कोणी आलं की काकू पोळी तव्यावर टाकून बाहेर यायच्या.

शेवटी त्यांनी त्यावरही तोडगा काढला. बेल वाजली की आतूनच ओरडायच्या, "ते घरी नाहीत!"

आम्ही घरात असायचो.

*

गिझर बसवला त्या दिवशी हे मोठ्या हौसेने आंघोळीला गेले. आतून आवाज आला, "अगं, पाणी गार आहे!" थोड्या वेळाने मी संडासात फ्लश ओढला, तर वाफ!

बापूला बोलावून दाखवलं. त्याने वाफेवर हात धरला. मग म्हणाला, "वहिनी, थंडीत लई बरं पडंल."

*

ओल मात्र हटेना. बापू म्हणाला, "पाइप फुटलाय." पाइप बदलला. मिस्त्री म्हणाले, "प्लॅस्टर खारावलंय." प्लॅस्टर खरवडून नवं केलं. रंगारी म्हणाला, "वॉटरप्रूफ मारू." मारलं. आठवड्यात डाग पुन्हा तिथेच, जरासा मोठा होऊन!

आमचे हे रोज सकाळी भिंतीला हात लावून म्हणायचे, "आज कमी वाटते." मी हात लावला की मला जास्त वाटायची.

मधेच एकदा भिंत आपोआप खडखडीत वाळली. आम्ही पेढे आणले, सिस्टरना फोन केला. दोन दिवसांनी पुन्हा ओल! मला काही कळेना. मग लक्षात आलं, मधे लीलाकाकू लेकीकडे कर्जतला गेल्या होत्या.

मी त्यांच्या अंगणात डोकावले. आमच्या बेडरूमची खिडकी तिकडेच उघडते. खिडकीखाली, भिंतीला अगदी चिकटून, छोटंसं तुळशीवृंदावन. काकू रोज आंघोळ करून तिला कळशीभर पाणी घालायच्या.

*

आता हे सांगायचं कसं? तुळस हलवा, असं कोणी कोणाला म्हणतं का! मी दोनदा त्यांच्याकडे गेले, चहा पिऊन परत आले. तिसऱ्यांदा कसंबसं तोंड उघडलं.

काकूंनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी ठरवलेली जागा आहे गं ती." मी कप ठेवून उठू लागले. तशी त्याच म्हणाल्या, "पण तिकडे दमेकरी माणूस येणार म्हणतेस. बोलाव तुझ्या बापूला."

चांगला दिवस बघून, हळदकुंकू वाहून, यांनी आणि बापूने वृंदावन उचलून अंगणाच्या पार टोकाला नेलं. भिंत वाळली. पुन्हा रंग दिला. या खेपेला डाग आलाच नाही.

सिस्टर आईला घेऊन राहायला आल्या. आजींनी बेडरूमच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. "कोरडी आहे हो!"

मग त्यांनी खिडकी उघडली आणि लीलाकाकूंना हाक मारली. "अहो ताई, तुळस एवढी लांब का ठेवलीत? मला खोकल्याला रोज पानं लागतात. इथं खिडकीखाली असती, तर हात घालून घेतली असती!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदावन पुन्हा भिंतीला चिकटून होतं, आणि आजी खिडकीतून तुळशीला पाणी घालत होत्या.