टपावरची निळी दोरी

सई, रोहन, आजोबांच्या जीपच्या टपावर निळी दोरी का बांधली आहे, असं काल तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत. विसरण्याआधी लिहून ठेवते.

आजोबा गेल्यानंतर मी एकदा एकटीच जीप घेऊन एडवणच्या किनाऱ्यावर गेले. वाळूतच जीपचा इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप बंद पडला आणि भरती चढू लागली. जीप समुद्रात जाणार, असं वाटलं.

जवळच बोंबील वाळत घालणारी एक बाई पदराला हात पुसत आली. गाडी यजमानांची आहे, ते आता नाहीत, एवढं सांगून मी तिचं नाव विचारलं.

"नाव नंतर, आजी. पानी बघ कुठं आलं."

बोटीचा पंप गेला की तिच्या घरचे डिझेलचा कॅन उंचावर बांधून नळी थेट इंजिनाला जोडतात. तिने तेच केलं. बोटीवरून नळी आणि दोरी आणली, माझ्याकडचा जादा कॅन टपावर बांधला, नळीतून तोंडाने डिझेल ओढलं, शांतपणे थुंकली आणि कॅन धरून वरच बसली.

जीप हळूहळू गावात शिरली तेव्हा ओट्यावरून एकीने विचारलं, "वरात कुनाची गो?"

"आजीची," वरून उत्तर आलं. "नवऱ्याला पान्यातून काढून आनलाय."

मी दोरी सोडू लागले, तर तिने हात धरला. "अडकलेल्याला दिलेली दोरी आमी परत घेत नाय. पुढं कोन अडकला, तर त्याला दे."

नाव विचारायचं राहूनच गेलं. पंप नवा बसवला. मला अजून कोणी अडकलेलं भेटलं नाही, म्हणून दोरी टपावरच आहे.