लांज्याचा शिमगा आणि गाऱ्हाण्यातली जोडी

मी पुणेकर. शिमग्याला कोकणात जायचं ठरलं ते प्रसादच्या एका वाक्यावर: "पालखी घरी येते, तू हवास." २०१८ला कलम ३७७चा निकाल लागला, त्याच संध्याकाळी त्यानं घरी फोन करून आमच्याबद्दल सांगितलं होतं. तरी त्याच्या वडिलांच्या, भाऊंच्या, तोंडी मी आजवर 'प्रसादचा रूमपार्टनर'. तसं चूकही नव्हतं.

रेल्वेचा हट्ट धरू नका, शिमग्याची तिकिटं चाकरमानी आधीच उचलतात. आम्ही आंबा घाट उतरून साखरप्याला वडापाव खाल्ला. लांज्याहून प्रसादच्या वाडीपर्यंत रिक्षावाला अडीचशे घेतो, हाडं खिळखिळी करून देतो ती फुकट.

घरी पुरणपोळ्या. शेजारच्या काकूंनी माझ्या लग्नाचं विचारलं. प्रसाद म्हणाला, कोर्टात अडकलंय. २०२३ला कोर्टानं आमच्यासारख्यांच्या लग्नाचा प्रश्न संसदेकडे ढकलला, त्यामुळे ते फारसं खोटं नव्हतं. काकूंना घटस्फोट वाटला. त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली.

दुपारी ढोल वाजत पालखी अंगणात आली. आता गाऱ्हाणं. गावचे मानकरी अप्पा घरच्यांची नावं घेऊन देवाकडे मागणं मागतात आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पाहुण्यांचं नाव त्यात नसतं, म्हणून मी आपणहून पायरीशी जाऊन उभा राहिलो. 

अप्पांनी नावं विचारली. भाऊंनी स्वतःचं आणि प्रसादच्या आईंचं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रसाद आनि अभिजित. जोडीनं घे."

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. जोडीचं मागणं त्यांना वर्षानुवर्षं पाठ. नोकरीत बरकत दे, व्हय म्हाराजा. आजारपण टाळ, व्हय म्हाराजा. "यंदा घरात पाळना हालू दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी वाडी म्हणाली, काकूंसकट.

 भाऊ हळूच म्हणाले, "अप्पा, तेवढा राहू दे."

"आता देवापुढं बोलून झाला," अप्पा म्हणाले. "त्याचा तो बघील."

आई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मला मात्र रडू आवरेना.

पुण्यात परतून महिना झाला. आणलेले काजू संपले. संसदेत आमचं काय होणार, ठाऊक नाही. परवा भाऊंचा फोन पहिल्यांदाच माझ्या नंबरवर आला. प्रसाद आंघोळीला गेलाय, म्हटलं.

"असू दे. घरच्या मांजरीला पिल्लां झाली. अप्पा म्हनतो, गाऱ्हाना पावला. न्यायला कवा येताव दोगं?"

आमच्या घरमालकांना प्राणी चालत नाहीत. तरी पुढच्या शनिवारी निघतोय.